प्रमाणपत्र राहू द्या, पेपरला सोडा

बक्षिसाचे प्रस्ताव लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पोलीस ठाण्याचा रायटर म्हटला की हे काम त्याच्याच गळ्यात पडतं. गुन्हा उघडकीस आला, मुद्देमाल हस्तगत झाला, टेबलावर दागिने मांडून मागे ओळीने उभं राहून फोटो काढून झाला, की साहेबांची हाक यायची, "ते रिवॉर्डचं लिहून टाका." मग मी लिहायचो. 'अथक परिश्रम घेऊन', 'गोपनीय बातमीदारामार्फत', 'जिवाची पर्वा न करता', 'वरिष्ठांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली'. यातलं शेवटचं लिहायचं राहिलं तर कागद परत येतो, हे मला लवकरच कळलं. जिवाची पर्वा लिहायची राहिली तरी चालून जातं.

खरी कारागिरी मात्र नावांच्या यादीत असते. सोनसाखळी चोरीचं एक प्रकरण सांगतो. आमच्याकडचा एक शिपाई, नोकरीत अजून नवाच, दिवसाची ड्युटी संपवून रात्री रस्त्यावरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण बघत बसायचा. मोटारसायकलचा नंबर कुठेच दिसत नव्हता. याने हेरलं ते एवढंच, की गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर तुटून वायरीला लोंबतोय. तेवढ्यावरून एकेक चौक मागे जात जात गाडी जिथून निघाली ते गॅरेज त्याने गाठलं. पोरं सापडली, दागिने सापडले. प्रस्तावाचा कच्चा मसुदा मी केला तेव्हा त्याचं नाव पहिलं होतं. वरून दुरुस्त होऊन आला तेव्हा ते यादीच्या तळाशी, साहेबांच्या गाडीच्या चालकाच्याही खाली गेलेलं. मधे एक नाव तर अशा गृहस्थाचं होतं, की तो त्या आठवड्यात गावाकडे भावाच्या लग्नात होता. त्याची अर्जित रजा मीच नोंदवली होती. मी विचारलं, तर उत्तर आलं, "टीमवर्क आहे हो."

आणि हे बक्षीस मिळून होतं काय? सेवापुस्तकात एक नोंद चढते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना निवेदक सांगतो, यांना सेवाकाळात तीनशे बक्षिसं मिळाली. टाळ्या. बढतीची ज्येष्ठता लावताना त्या तीनशे नोंदींना कुणी हात लावत नाही, बदली मागताना त्या कुणी उघडून बघत नाही. शिक्षेची एक नोंद मात्र तीनशे बक्षिसांना पुरून उरते. ठपका बढती अडवतो, बक्षीस बढती आणत नाही. असला हिशेब वाण्याच्या दुकानात चालला असता तर गिऱ्हाइकाने वजनकाट्यावर तक्रार केली असती. आमच्याकडे गिऱ्हाईक सावधानमध्ये उभं असतं.

पदकांचं तेच. दरवर्षी 1 मे ला महासंचालकांचं सन्मानचिन्ह मिळतं. अलीकडच्या वर्षांत ते आठशेच्या आसपास जणांना मिळालं. दोन लाखांच्या घरातल्या दलात आठशे. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला राष्ट्रपती पदकांच्या याद्या लागतात, त्यात शिपाई-हवालदार कितवे ते आपापलं वर्तमानपत्र काढून मोजावं. ज्यांना ही चिन्हं मिळाली त्यांच्या छातीवर ती शोभतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते आणि त्यांना अशोकचक्र मिळालं, हे आठवलं की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. पण लाठीवाल्याला देशाचं सगळ्यात मोठं शांतताकालीन पदक मिळतं ते मरणोत्तर, हेही त्याच क्षणी आठवतं.

मरणाचाच विषय निघालाय तर शिष्यवृत्तीचं सांगून टाकतो. 2019 च्या मे महिन्यात, नवं सरकार शपथ घेऊन उठल्या उठल्या, पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना राज्य पोलिसांच्या मुलांनाही लागू झाली. मुलाला महिना 2500 रुपये, मुलीला 3000, आणि राज्य पोलिसांसाठी वर्षाला 500 जागा. चांगली योजना. अट एवढीच, की बाप किंवा आई दहशतवादी अथवा नक्षलवादी हल्ल्यात शहीद झालेली असावी. ज्यांचं छत्र गेलं त्यांना हे मिळायलाच हवं, जास्त मिळायला हवं. माझा प्रश्न जिवंत हवालदाराच्या पोरीचा आहे. तिचा बाप रोज घरी येतो, म्हणजे यायचा तेव्हा येतो, आणि पोलीस लाईनीतल्या दीड खोलीत ती बारावीचा अभ्यास करते. तिच्यासाठी कल्याण निधीतून काहीबाही मदत असते, गुणवंत पाल्यांच्या सत्कारात एक पेन आणि एक ट्रॉफी असते. ट्रॉफी ठेवायला त्या खोलीत फळी नसते, ते वेगळं.

आणि मग 2020 साल आलं. त्या वर्षी पोलिसाइतकं गौरवलेलं माणूस महाराष्ट्रात नव्हतं. नगरसेवक, पतसंस्था, ढोलताशा पथक, सोसायटीचे सेक्रेटरी, जो तो 'कोविड योद्धा' प्रमाणपत्र छापून घेऊन ठाण्यात हजर. आमच्या एका हवालदाराने घरी मोजून ठेवली आणि म्हणाला, "रद्दीवाला प्रमाणपत्राचा कागद जाड म्हणून जादा भाव देईल का हो?" तेव्हा आम्ही नाक्यावर बारा-बारा तास उभे होतो. हवा होता तो बदली माणूस. आला तो सेल्फीला.

म्हणून कुणी असं समजू नये, की पैशावाचूनच्या सन्मानालाच माझा विरोध आहे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शिपायाला देण्यासारख्या सगळ्यात मोठ्या दोन गोष्टी पैशाच्या नाहीतच. एक वेळ आणि दुसरं शिक्षण. खातं नेमक्या याच दोन गोष्टी कुलूपबंद ठेवून बाकी सगळं वाटत सुटतं.

शिकलेली माणसं खात्यात नाहीत असं तर मुळीच नाही. शिपाई भरतीला बारावी पास पुरतं. 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि त्यात पदवीधर होते, द्विपदवीधर होते, इंजिनीअर होते. ही पोरं मैदानावर धावून, गोळा फेकून, लेखी देऊन आत येतात आणि आल्या दिवसापासून खातं त्यांचं शिक्षण विसरायला लागतं. बी.ई. झालेला पोरगा मुद्देमालाच्या खोलीची किल्ली सांभाळतो आणि शेजारच्या टेबलावर ऑनलाइन फसवणुकीची फिर्याद घेणारा अंमलदार फिर्यादीलाच विचारतो, "यूपीआय म्हणजे नक्की काय झालं तुमचं?" वाणिज्य शाखेची पदवी असलेली मुलगी समन्स बजावत फिरते आणि पतसंस्थेच्या घोटाळ्याचे ताळेबंद तपासायला बाहेरून सनदी लेखापाल बोलवावा लागतो. कुणाकडे काय शिक्षण आहे याची नोंद सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. ते पान भरती झाल्यावर कुणी उघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

नोकरीत आल्यावर कुणी पुढे शिकायचं मनावर घेतलं तर काय होतं, तेही जवळून पाहिलंय. आमच्या ठाण्यात एका शिपायाने रीतसर परवानगी काढून कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतला. हुशार होता. तपासी अंमलदार पंचनामा लिहिताना अडले की यालाच हाक मारायचे. परीक्षेचं वेळापत्रक लागलं तेव्हा त्याने अर्ज टाकला, पेपरच्या दिवशी किरकोळ रजा किंवा निदान रात्रपाळी लावावी. अर्ज माझ्या टेबलावरून गेला आणि माझ्याच टेबलावर परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'सणासुदीचा बंदोबस्त पाहता व कामाची निकड लक्षात घेता विनंती अमान्य.' तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेब म्हणाले, "वकील व्हायचंय का पोलीस राहायचंय, ते ठरव एकदा." तो काही बोलला नाही. सकाळी एका दोस्ताने त्याच्या जागी विसर्जन मिरवणुकीत दोर धरला, दुसऱ्याने आजारी असल्याचं नाटक सावरून घेतलं, आणि रात्रभर उभा राहिलेला हा दहाला साक्षीपुराव्याच्या कायद्याचा पेपर लिहायला गेला. त्या पेपरात तो राहिला. ज्या विषयावर कोर्टात रोज सरकारचं नाक कापलं जातं, त्या विषयात एक माणूस तयार होत होता, त्याला आम्ही दोराला बांधला.

हा शेरा मारणारे साहेब वाईट नव्हते. त्यांची अडचणही खरी होती. गणपती, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, कुणाची तरी जयंती आणि कुणाचा तरी मोर्चा, यात माणूस पुरत नाही आणि रिक्त जागा पाचवीला पुजलेल्या. पण तेच साहेब पुढच्या महिन्यात स्वतः प्रशिक्षणाला गेले तेव्हा ठाणं बंद पडलं नाही. दुसऱ्याकडे कार्यभार दिला आणि गेले. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी तर नोकरीच्या मध्यावर हैदराबादच्या अकादमीत टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण ठरलेलं असतं, आणि अखिल भारतीय सेवांच्या अध्ययन रजेचे नियम 1960 सालापासून आहेत. त्या रजेवर परदेशी विद्यापीठात जाऊन पदव्युत्तर पदवी घेऊन आलेले अधिकारी मी पाहिलेत. चांगले अधिकारी आहेत, शिकून आल्यावर जास्त चांगले झाले. अध्ययन रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 मध्येही आहे. ती घेतलेला हवालदार कुणाला भेटला असेल तर कृपया मला त्याच्याकडे घेऊन चला. मी त्याच्या हातचा चहा पिईन.

हे आजचं नाही. 1902 साली कर्झनने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने ठरवून टाकलं, की शिपायाकडे ठरीव, यांत्रिक कामं द्यावीत आणि जिथे डोकं चालवायचं ती कामं वरच्यांनी करावीत. तेव्हाचा शिपाई बहुधा निरक्षर होता, गोऱ्या साहेबाला तो तसाच हवा होता. स्वतंत्र भारतात टाटा समाजविज्ञान संस्थेचे मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पोलीस प्रशिक्षणाचा अहवाल दिला, तो 1973 साली. राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 साली आपला पहिलाच अहवाल शिपायांवर काढला आणि फ्रेझरचं हे गृहीतक मोडीत काढायला सांगितलं. दोन्ही अहवाल ग्रंथालयात सुस्थितीत आहेत. फ्रेझर मात्र अजून ठाण्यात बसतो. हजेरीच्या वेळी त्याचा आवाज ऐकू येतो, "डोकं चालवू नको, सांगितलंय तेवढं कर."

कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी 2019 साली देशभरच्या पोलिसांची पाहणी केली. सरासरी कामाचा दिवस 14 तासांचा निघाला आणि दर दोघांतल्या एकाला आठवड्याची सुट्टी मिळत नव्हती. सेवेत असताना प्रशिक्षण मिळालेले पाच वर्षांच्या सरासरीने शंभरात जेमतेम सहा, आणि त्यातही वरच्या हुद्द्याचा वाटा मोठा. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी कागदावर आहे, पुष्कळदा मिळतेही, पण बंदोबस्त लागला की पहिली कात्री तिच्यावर. 14 तास उभं राहिलेल्या माणसाला सरकारच्या 'कर्मयोगी' पोर्टलवरचे ऑनलाइन वर्ग करायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचा फोटो पाठवण्यासारखं आहे. आमची पोरं काय करतात ते सांगतो. मोबाइल टेबलावर ठेवतात, चलचित्र आपोआप चालू राहतं, शेवटी प्रश्नांची उत्तरं गटावर आलेलीच असतात, आणि ई-प्रमाणपत्र उतरतं. आणखी एक प्रमाणपत्र. टक्केवारीचा तक्ता वर जातो आणि वरचे खूश.

शिपायाचं डोकं चालतं, याचा पुरावा हवा असेल तर देवनारला जा. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचं गणित स्वतः मांडलं. आहे त्या मनुष्यबळात, नवी भरती न मागता. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते वाचलं, त्याच्याशी बोलले, आणि मे 2016 मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला. पुढे तो मुंबईच्या बाकीच्या ठाण्यांत नेला. नंतर घडी विस्कटली, ती कशी हा वेगळ्या लेखाचा विषय. पण शिपायाला द्यायच्या बिनपैशाच्या बक्षिसाचं याहून मोठं उदाहरण मला दाखवा. त्याचं म्हणणं ऐकलं गेलं आणि त्यातून हजारो सहकाऱ्यांना घरी जेवायला मिळालं. दोन लाखांच्या दलात असं गणित मांडणारा तो एकटाच असेल यावर माझा विश्वास नाही. बाकीच्यांची गणितं 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' विरून गेली असणार.

शिक्षणाची किंमत खात्याने मान्य केल्याचा मला ठाऊक असलेला एकच नियम म्हणजे उपनिरीक्षकाची मर्यादित विभागीय परीक्षा. पदवीधराला 4 वर्षांच्या नोकरीवर तिला बसता यायचं, बारावीवाल्याला 5 आणि दहावीवाल्याला 6 वर्षं थांबावं लागायचं. म्हणजे पदवीला दोन वर्षांचं मोल. बरं वाटायचं. फक्त ही परीक्षा कधी निघेल, निघेल की नाही, याचा पत्ता नसायचा. 2013 साली खात्यांतर्गत अर्हता परीक्षा झाली, हजारो अंमलदार पास झाले आणि वर्षानुवर्षं यादीकडे डोळे लावून बसले. कित्येकजण पास अवस्थेतच निवृत्त झाले. 2022 साली पोलीस नाईक हा हुद्दाच रद्द केला, जेणेकरून शिपाई निवृत्तीआधी फौजदार व्हावा. निर्णय चांगला. पण त्याचं सूत्र पाहा, तू फक्त टिकून राहा, दिवस मोज, तारा लागतील. जो शिकला तोही त्याच रांगेत आणि जो चौकीत घोरला तोही.

लष्कराने हे वेगळं केलं. 2009 च्या सुमारास त्यांनी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाशी करार करून ज्ञानदीप नावाचा प्रकल्प सुरू केला. जवान सेवेत जे प्रशिक्षण घेतो त्याचे गुण धरून त्याला पदवीपर्यंत जाता यावं, अशी रचना. आमच्या वेळी शिपायाचं मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचं होतं. कायदा, पंचनामा, प्रथमोपचार, शस्त्र, सगळं होतं त्यात. त्या नऊ महिन्यांचं शैक्षणिक मोल शून्य. महाराष्ट्राचं मुक्त विद्यापीठ नाशिकात, महाराष्ट्र पोलीस अकादमीही नाशिकात. दोघांनी मधला रस्ता रिक्षाने पार केला असता तरी पुरलं असतं.

आणि आता याची गरज हौसेची राहिलेली नाही. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक, सात वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणं बंधनकारक. तज्ज्ञ येईपर्यंत घटनास्थळ कोण राखणार? शिपाई. मोबाइल कुणाच्या हातात असणार? शिपायाच्या. रक्ताच्या डागावर पाय पडू नये म्हणून गर्दी कोण थोपवणार? तोच, ज्याला डोकं चालवू नको असं सांगितलंय. प्रशिक्षण झालं, नाही असं नाही. सभागृहात बसवलं, व्याख्याते आले, जुनं कलम नवं कलम असा तक्ता दाखवला, हजेरीपटावर सह्या झाल्या, फोटो निघाला. मागच्या दोन रांगा रात्रपाळीहून थेट आलेल्या होत्या. त्या झोपल्या होत्या आणि त्यांना उठवायचं धाडस व्याख्यात्यालाही झालं नाही.

शिपाई हे स्वतः का मागत नाहीत, असं शहाणी माणसं विचारतात. मागणार कसे? 1966 च्या कायद्याने पोलिसाला संघटना करायला बंधनं आहेत. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलिसांची संघटना मोडून काढली, तेव्हा रस्त्यावर सैन्य आणावं लागलं होतं, ती दहशत अजून लाईनीतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. उरतो ओआर, साहेबांसमोर सॅल्यूट ठोकून एकट्याने मांडायची कैफियत. तिथे मुलाच्या आजारपणाची रजा मागताना घसा कोरडा पडतो, मला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय हे कोण बोलणार? म्हणून निवृत्त माणसाने बोलायचं. माझी पेन्शन सुरू आहे, माझं काय वाकडं करणार!

मी मागतोय ते बिनखर्चाचं आहे. मान्य परीक्षेचा पेपर असेल तर तो दिवस कर्तव्यावर धरा, कोर्टाच्या तारखेला धरता तसा. शिकून आलेल्याला त्याच्या शिक्षणाजोगी शाखा द्या, निदान विचारा तरी. बक्षिसाच्या प्रस्तावात काम कुणी केलं ते एका ओळीत लिहायची सक्ती करा आणि खाली त्याच माणसाची सही घ्या. एवढं झालं तरी माझ्या वारसदार रायटरांचं निम्मं वाङ्मय बंद होईल.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत, मी नोकरीभर ऐकली. पहिलं, शिकला की पळून जातो. जातोच, कारण शिकल्यावर इथे त्याला जागा नसते. आणि गेला तर तहसीलदार होऊन महाराष्ट्रातच जातो ना, सीमेपलीकडे तर पळत नाही. दुसरं उत्तर, सगळे पेपरला गेले तर शिस्त बिघडेल, बंदोबस्त कोण करणार. हे म्हणणाऱ्या साहेबांनी आधी स्वतःच्या अध्ययन रजेच्या काळात त्यांच्या जिल्ह्यात किती दंगली झाल्या त्याचा अहवाल तीन प्रतींत सादर करावा. मसुदा मी फुकट लिहून देईन.